नावाला भुललेल्या गहिनीनाथाचा लॅपटॉप

दूर कुठंतरी गार खोलीत बसून कॉम्प्युटरच्या चिपांची बारशी करणारे साहेब, तुम्ही लबाड आहात. तुमचं तोंड या कीर्तनाच्या मांडवात नाही म्हणून हवेत सांगतो, पण सांगतो. एका पाळण्यात धष्टपुष्ट पोर, दुसऱ्या पाळण्यात काडी पैलवान — आणि दोघांच्या कानात तुम्ही एकच कुर्र केलंत. एकच नाव. का?

मंडळी, ऐका. नाव घेतलं की माणूस तरतो, असं आम्ही इथं उभं राहून घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. मग नाव बघून घेतलेली वस्तू माणसाला बुडवते कशी? नाव खोटं, की बघणारा आंधळा? मागच्या मंडळींनी शेंगा जरा खाली ठेवाव्यात. प्रश्न तुम्हालाही आहे.

गेवराईत गहिनीनाथ सानप नावाचा गृहस्थ. लग्नाची शूटिंग करतो. त्याची बायको स्वरूपा — घरात सगळे सरूच म्हणतात — त्या शूटिंगचं मिक्सिंग करते. मिक्सिंग म्हणजे काय? गहिनीनं दिवसभर जे वाकडंतिकडं धरलेलं असतं, ते सरळ करायचं. नवरदेव शिंकला, काप. मामा जिलबीवरून रुसले, काप. अक्षता पडल्या, लाव गाणं. लोक म्हणतात, गहिनीची शूटिंग लई भारी. गहिनीही तेच म्हणतो. सरू पुढचं लग्न कापायला घेते. कात्री तिच्या हातात आहे.

हे काम चालायचं डेस्कटॉपवर. टेबलाखाली गव्हाच्या कोठीसारखा काळा डबा, आत पंखे, मागं वायरींचा गुंता. डबा जुना नव्हता हं. चांगला कसलेला. कितीही लांबलचक लग्न घाला, गपगुमान गिळायचा.

आता सरूचा आठवा महिना सरत आलेला. पहिलटकरीण. रविवारी माहेरी जायचं, माजलगावकडं. आणि लगीनसराई ऐन भरात. लग्नं लागलेली, जेवणं जिरलेली, नवऱ्या नांदायला गेलेल्या — पण मिक्सिंग पडून. आणि गावात कुंडलिक टपून बसलेला. कुंडलिक कोण? दुसरा स्टुडिओवाला. व्हिडिओत नवरदेवाला गुलाबाच्या फुलातून बाहेर काढणारा आणि नवरीच्या डोक्यावरून बदकं पोहायला सोडणारा. तो रोज फोन करी, "वहिनी, आता आराम करा. पडलेली लग्नं माझ्याकडं लावून द्या."

सरू नवऱ्याला म्हणाली, "अहो, एकेक गिऱ्हाईक मी हातानं जोडलंय. ते सगळं या बदकवाल्याकडं गेलं, तर बाळंतपणाहून आल्यावर मी करू काय? ह्याची बदकं हाकू?"

"मग डबाच नेऊ की जीपमध्ये घालून," गहिनी म्हणाला.

"आईकडं खोली एक. त्यात मी, आई, आजी, बाळ आणि तुमचा डबा. बाळाला डब्यावर निजवू का?"

गहिनीनं डोकं खाजवलं. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "लॅपटॉप घेऊ. पण साधासुधा नाही. ह्या डब्याच्या तोडीचा."

"मी येते दुकानात."

"तू कशाला हेलपाटे घालतीस, जड अंगाची बाई. मी आहे ना."

मंडळी, हे 'मी आहे ना' फार जपून ऐकत जा. संसारात ज्या वस्तू अडगळीत पडल्यात ना, त्यातली निम्मी ह्याच तीन शब्दांनी घरात आल्यात.

गहिनीनं विचारपूस मात्र चोख केली. मेहुण्याला विचारलं, तो म्हणाला, पातळ घ्या, पातळ भारी असतंय. मोबाईलच्या दुकानात विचारलं. रसवंतीवाल्याला विचारलं, कारण तिथं बसलेलाच होता. एवढ्या जणांना विचारलं. आणि ज्या बाईला त्यावर काम करायचं तिला? तिला सरप्राईज द्यायचं होतं.

बीडच्या दुकानात दुकानदारानं काचेवर एक लॅपटॉप ठेवला. चंदेरी, पापडासारखा पातळ. गहिनीनं मोबाईलमध्ये आपल्या डब्यातल्या चिपेचं नाव लिहून नेलं होतं. तो एकेक अक्षर, एकेक आकडा बोट ठेवून जुळवायला लागला. जुळलं. नाव तेच. आकडा तोच.

"म्हणजे माझ्या डब्यात जी आहे, तीच यात आहे?"

"दादा, नाव वाचता येतंय ना तुम्हाला?" दुकानदार म्हणाला.

बघा, खोटं बोललाच नाही. वाचता येतंय का, एवढंच विचारलं. मागं शेपटीसारखं एक बारीक अक्षर चिकटलं होतं. गहिनी म्हणाला, "हे काय?" दुकानदार म्हणाला, "ते असतंय."

असतंय! अर्धा देश ह्या 'असतंय'वर चाललाय.

आमचं एक चरण आहे, घरचंच, ऐका —

नाम घेता धावे, रूप ऐसी ख्याती ।
येथे नाम हाती, रूप गेले ॥

तुमच्या गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ नसतात का? आजोबाचं नाव दोघांना. एक जत्रेत फड मारतो, दुसरा देवळाच्या तिसऱ्या पायरीवर बसून म्हणतो, तुम्ही व्हा पुढं. नाव एकच! तसंच इथं. डब्यातल्या चिपेला पोटभर वीज आणि पंख्याचा मोकळा वारा. तेच नाव लावून पापडात कोंबलेली चिप अर्धपोटी, आणि वर घुसमटलेली. शेपटीचं अक्षर तेच सांगत होतं. पण साहेबांनी ते मुंगीच्या डोळ्याएवढं काढलेलं.

गहिनीनं लॅपटॉप घरी आणला. त्याच्या आईनं हळदकुंकू लावलं. गहिनी छाती काढून म्हणाला, "सरू, घे मांडीवर."

सरूनं एकदा लॅपटॉपकडं बघितलं, एकदा स्वतःकडं. "मांडी कुठंय?"

खरंच की. आठव्या महिन्यात बाईला मांडी असते कुठं? बसली की गुडघे आणि थेट पोट. मांडीवरचं यंत्र आणलं, आणि मांडीच शिल्लक नाही. गहिनीनं ते पाटावर ठेवलं. सरूनं एका मोठ्या घरच्या हळदीची शूटिंग त्यात घातली आणि लॅपटॉप कामाला लावला.

काय पळाला मंडळी! बैल दावं तोडून सुटावा तसा. गहिनी आईला म्हणाला, "बघ." चहा झाला. चहा पिऊन होतोय तोवर बैल बसला. पडद्यावर नवरदेवाच्या काकूनं हळदीचा हात वर नेला, तो वरच राहिला. खाली नवरदेव डोळे मिटून वाट बघतोय. गाल पुढं, हळद येईना. सरूनं तळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "भाकरी भाजून घ्या आत्याबाई, तवा तापलाय."

गहिनीनं सूप आणून वारा घातला. मग पाटासकट यंत्र माठाला टेकवलं. आई म्हणाली, "नवी वस्तू हाय, दिष्ट लागली," आणि मीठमोहऱ्या घेऊन लॅपटॉपवरून उतरवायला लागली. आल्यागेल्याची, भुताखेताची, काळ्या मांजराची — सगळ्यांची दृष्ट निघाली. काकूचा हात तसूभर खाली आला. आई म्हणाली, "उतरली." तेवढ्यात गहिनीनं प्लग हलवला, आणि बॅटरीवर गेल्यावर काकू जी थिजली ती थिजलीच.

नेमका त्याच वेळी कुंडलिकचा फोन. "वहिनी, काय ठरलं?"

सरूनं फोन नवऱ्याच्या हातात दिला. "सांगा त्याला. तुम्ही आहात ना."

गहिनीचं तोंड उतरलं. फोनवर काहीतरी पुटपुटून तो भिंतीला टेकून बसला. "नाव तेच हाय गं. मी बोट ठेवून वाचलं."

"मी तुमच्या बाजूला टेबलाला बसलेली असते रोज," सरू म्हणाली. "मेहुण्याला विचारलंत, रसवाल्याला विचारलंत. माझ्याकडं बोट का नाही वळलं?"

गहिनी उठून लॅपटॉप खोक्यात भरायला लागला. ह्याचं उत्तर तुमच्यातल्या कुणाकडं असलं तर सांभाळून ठेवा, लागणार आहे.

शनिवारी दोघं बीडला. सरूनं पिशवीत तीच हळद बरोबर घेतली — शूटिंगची हो. दुकानदार लॅपटॉप बघूनच म्हणाला, "खोका फोडलाय दादा. परत होत नसतंय."

"परत नको, बदलून द्या," सरू म्हणाली, आणि दुकानातली एकुलती एक खुर्ची ओढून बसली. "दाखवा काय काय आहे ते. मी चालवून बघणार."

"ताई, वेळ लागंल."

"लागू द्या. मी आता इथंच आहे."

दुकानदारानं तिच्या पोटाकडं बघितलं. "कितवा?"

"आठवा संपत आलाय. घाबरू नका. झालंच काही, तर तुमच्याच दुकानाचं नाव ठेवू बाळाला."

मग काय, भराभर यंत्रं निघाली. दुकानदार नावं सांगायचा. सरू म्हणायची, नाव राहू द्या, हळद लावा. एक पातळ, एक त्याहून पातळ. दोन्ही पळाले, दोन्ही बसले. दोन्हीकडं काकूचा हात हवेत. गिऱ्हाइकं जमली. कुणी म्हणालं, अहो लावा की हळद एकदाची, पोरगं कधीचं ताटकळलंय.

शेवटी खालच्या फळीवरनं एक काळा, जाडजूड निघाला. पाट्यासारखा वजनदार. चार्जर म्हणाल तर भाजलेली वीट. दुकानदारच लाजत म्हणाला, "हा कुणी नेत नाही, ताई. नावात पण एक पायरी खाली आहे."

"वीज किती खाते त्याची चिप?"

दुकानदारानं कागद काढून बघितलं. पहिल्यांदाच बघितलं असावं. "पातळच्या दुप्पट की ओ."

"पोटाला मिळतंय म्हणजे. लावा."

लावला. पंखे असे घोंघावले की बाहेर बांधलेल्या शेळीनं मान वळवली. गहिनी हळूच म्हणाला, "सरू, आवाज लई करतंय गं."

"गिरणी ओरडते म्हणून दळण आणायचं सोडता का?"

आणि काकूचा हात खाली आला. नवरदेवाला हळद लागली. मग दुसरा गाल, मग कपाळ, मग करवल्या नाचल्या, मामा रुसले ते कापलं गेलं, थेट शेवटापर्यंत यंत्र एका चालीनं चालत राहिलं. दुकानात टाळ्या पडल्या. दुकानदारानंही वाजवल्या, मग आता बदलून द्यावा लागणार हे आठवून थांबला.

गहिनी म्हणाला, "पण हा सारखा प्लगला लावावा लागणार. वजन हे असलं. मांडीवर घेता येणार नाही."

"डब्याच्या तोडीचा पाहिजे होता ना? मग डब्यासारखाच बसणार एका जागी," सरू म्हणाली. "मला फिरवायचा नाहीये. एकदा माजलगावला न्यायचा, आणि एकदा परत आणायचा. उचला."

गहिनीनं उचलला. वीटही उचलली. दुकानाच्या पायरीवरच कुंडलिकचा फोन आला. गहिनीनं उचलून सांगितलं, "लग्नं कुठं जात नाहीत. ज्या बाईची आहेत तिच्याकडंच आहेत." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हे असं म्हटलं. सरू पुढं चालत होती, तिनं मान वळवली नाही. पण चाल जरा मंदावली.

तर मंडळी, कळलं का नाव कुठं बुडवतं? देवाचं नाव घेणारा आधी त्याच्या दारात लोळतो, त्याला कळतं आपण कुणाला हाक मारतोय. आपण मात्र नाव दुसऱ्याच्या तोंडचं घेतो आणि काम तिसऱ्याच्या गळ्यात बांधतो. त्या गार खोलीतल्या साहेबांना मी लबाड म्हणालो, आणि म्हणणारच. पण ते आपल्या ओळखीचे नाहीत, त्यांनी आपल्या माणसांना विचारलं नाही तर नवल काय? तुम्ही तर एका चुलीवरचं जेवता. शाळेच्या पाटीवर इंटरनॅशनल वाचलं आणि पोराला घातलं, पोराला विचारलं? चारचाकी आणली, ती चालवणाऱ्या लेकाला विचारलं? ज्या हातानं राबायचं, त्या हाताला कुणी विचारतं का?

म्हणून सांगतो, टाळ खाली ठेवा. पखवाजवाले बुवा, हात काढा. आज उत्तराशिवाय गजर होणार नाही, आणि गजर झाल्याशिवाय प्रसादाची पातेली उघडणार नाहीत.

आबासाहेब, तुम्ही सगळ्यांच्या पुढं बसलाय, तुमच्यापासून सुरू करू. तुमच्या घरी गेल्या दिवाळीला शिलाई मशीन आलं. कुणाच्या पसंतीनं आलं?

काकू, मशीन तुम्ही चालवता, पण तुम्ही नका बोलू. त्यांना सांगू द्या.