सुरभीच्या पुलातली तार

सन्माननीय अध्यक्ष चांगोदादा, व्यासपीठावरील पाहुणे, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आमच्या विज्ञानशिक्षिका शकिला मॅडम, सहकारी, पालक आणि मुलांनो,

मी गणिताचा शिक्षक. मॅडमबद्दल चार गौरवाचे शब्द बोला, असं मला सांगितलंय. पण माझी एक चूक वगळून त्यांचे आभार मानता येतील का, याचा मी आठवडाभर विचार केला. नाही येणार.

आठवीची मुलं दरवर्षी खराट्याच्या काड्या आणि दोरा घेऊन पूल करतात. पुलाला डबा टांगायचा आणि पूल मोडेपर्यंत त्यात रेती ओतायची. कुणाचा हात थांबला की मॅडम ओरडणार, "घाल गं अजून! रुखवतात मांडायचाय का?" मग कुठली काडी आधी वाकली, कुठला सांधा सुटला, कोणी काय केलं, सगळं वहीत लिहायचं.

सहा वर्षांपूर्वी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीतल्या सुरभीचा पूल निवडला. तो दर वेळी नव्याने बांधला तरी चार किलोलाच मोडायचा. शाळेचं नाव व्हावं म्हणून (की माझं?) मी काड्यांच्या जुडीत बारीक तार घातली.

सुरभी म्हणाली, "सर, मंग हा पूल माझा नाय."

"गप गं. कोण बघतंय?"

परीक्षकांनी बघितलं. "पोरी, ही फसवणूक झाली. तुझं नाव बाद." सुरभी माझ्याकडे बघत राहिली. आणि मी? मी स्वतःच्या चपलांकडे.

मॅडमनी तिची वही उघडली, वाचली. परीक्षकांना दाखवू शकल्या असत्या. त्यांनी ती माझ्या हातात दिली. "सर, तुम्हीच वाचा. मोठ्याने."

शेवटची नोंद होती : 'तार सरांनी घातली. नऊ किलो. हे धरू नये.'

मी वाचलं, मोठ्याने. परीक्षकांनी तार काढून पूल पुन्हा तपासला. साडेचार किलोला मोडला. सुरभीने सुटलेला सांधा दाखवून कारण सांगितलं. बक्षीस मिळालं नाही, पण तिच्या नावावरची काट पुसली गेली.

मॅडम, त्या दिवशी तुम्ही मला उघडं पाडलं नाहीत. खरं बोलायला जागा करून दिलीत. नंतर स्टाफरूममध्ये कधी त्याचा उल्लेखही नाही. हे ऋण मी सर्वांसमोर मान्य करतो.

माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. पण सुरभी तिसऱ्या रांगेत बसली आहे. त्या दिवशी मी वही वाचली, तिची माफी मात्र मागितली नाही.

सुरभी, आज मागतो. लगेच "असू दे सर" म्हणायची गरज नाही.

आभारी आहे.