नांगर धरणारा नको

ताडकळसच्या थांब्यावर पूर्णेच्या गाडीची वाट बघत होतो. माझ्या मागच्या बाकावर दोन बाया बसल्या होत्या.

“पार्वतीबाई, तुमच्या निकिताची सोयरीक जमली म्हणं?”

“जमली की, लक्ष्मीबाई. पोरगा जहाजावर हाय.”

“बरं झालं बाई. आमच्या हरिओमला न्हाई म्हणली व्हती, नांगर धरणारा नवरा नको म्हणून.”

“मागचं कशाला काढायलाव?”

“न्हाई, सहज. जहाजावर काय करतंय पोरगं?”

“नांगराचं काम.”

“काय?”

“आवं, नांगर टाकायचा, नांगर उचलायचा.”

“समुद्रात? अन् बैल पवतेत व्हय?”

“तो नांगर येगळा. लोखंडाचा, साखळी लावलेला. जावई तर त्याला लंगर म्हणतेत.”

“लंगर नांदेडला गुरुद्वाऱ्यात असतंय. म्हंजी जेवायची सोय तरी हाय.”

“थट्टा करू नका. तो पाण्यात टाकला की एवढं मोठं जहाज जागचं हालत न्हाई.”

“अगं बाई! आमचा नांगर टाकला की काम सुरू व्हतंय, त्यांचा टाकला की बंद. साहेबाचा नांगर हाय मग.”

“तुमाला न्हाई कळायचं.”

“न्हाईच कळत. फाळ किती त्याला?”

“दोन.”

“आमचा ट्रॅक्टरचा पलटी नांगरबी दोन फाळाचाच हाय. मग हरिओमचं काय वंगाळ व्हतं?”

“लक्ष्मीबाई, गाडी आली बघा.”

“येऊ द्या. लग्न कवा हाय?”

“जहाज कवा सुट्टी देतंय त्याच्यावर हाय. नऊ-नऊ महिने येता येत न्हाई त्यास्नी.”

“आमी सगळे येऊ लग्नाला. नवरदेवाला तेवढं जमतंय का बघा.”