मान हलवू नका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले प्राचार्य; व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या; सत्कारमूर्ती, आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम; पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या आई; आणि खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा जागा करून घेतलेल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

मॅडमबरोबर एकाच विभागात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून बोलायचा मान मला मिळाला आहे. खरं तर हा मान मला नको होता.

मॅडमचं टोपणनाव इथे सगळ्यांना माहीत आहे. भोंगा. हसा, हसा, त्यांनाही माहीत आहे. त्यांनी प्रयोगशाळेत “थांबा!” म्हटलं की खालच्या मजल्यावर ग्रंथालयात पान उलटणारा हात थांबायचा.

विज्ञानाच्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘प्रयोगशाळेतील सुरक्षितता आणि संवादकौशल्य’ हा वर्ग त्यांनी सुरू केला, तेव्हा मुलं टाय बांधून आली होती. त्यांना वाटलं, मुलाखतीला कसं बसायचं ते शिकवणार. मॅडम म्हणाल्या, “टाय काढा आधी, ज्योतीत जाईल. आणि शेजारच्याला सांगा, तुम्ही आत्ता काय ओतणार आहात ते.”

हा वर्ग का निघाला? त्याला कारण आजच्या प्रमुख पाहुण्याच आहेत. आज त्या एका मोठ्या कारखान्याची सुरक्षितता सांभाळतात. त्या काळी पहिल्या वर्षाला होत्या. शेजारची मैत्रीण म्हणाली, “ईथर ओततेय, बर्नर बंद कर.” यांनी मान हलवली. बर्नर चालूच. पुढे काय झालं ते त्यांच्या भुवयांना विचारा. नशिबाने परत उगवल्या आहेत.

आग विझल्यावर मॅडमनी विचारलं, “मान कशाला हलवलीस?”

“हो म्हणायला.”

“कशाला हो?”

“ते... पंख्याच्या आवाजात ऐकू नाही आलं, मॅडम.”

त्या दिवसापासून आमच्याकडे मान हलवायला बंदी आली. कुणी काही सांगितलं की तोंडाने म्हणायचं, “ऐकलं,” आणि काय ऐकलं ते परत सांगायचं. “मानेला जीभ असते का?” हा मॅडमचा ठरलेला टोमणा. पंखा फारच घरघरायला लागला, तर टेबलावर दोन ठोके. दोन ठोके म्हणजे ऐकलं.

ही शिस्त त्यांच्या घरातून आली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्या आईंना दिसत नाही. त्या घरात मान हलवून कधी भागलंच नाही. “आई, कुकर उतरवलाय, डाव्या हाताला आहे.” “ऐकलं, डाव्या हाताला.” असं ते घर चालतं.

सोमवारी मॅडमची शस्त्रक्रिया आहे. त्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार आहे. ही गोष्ट गुपित राहिलेली नाही, म्हणून मी आडवळणाने बोलत नाही. पुढे यंत्राच्या मदतीने बोलता येईल, असं डॉक्टर म्हणतात. येईलही. पण तो आवाज भोंग्याचा नसेल.

परवा मी त्यांच्या घरी गेलो होतो. मॅडम औषध आणायला बाहेर गेल्या होत्या. आई म्हणाल्या, “ती ठोके देईल हो सर, मला कळतील. घरात आहे, एवढं समजेल. पण ती हसतेय की रुसलीय, हे ठोक्यांतून कसं ओळखायचं?”

मी मान हलवली. आणि मग लक्षात आलं, की ती त्यांना दिसलीच नाही.

इतकी वर्षं मॅडमचं ऐकून मी हेच शिकलो का?

मित्रहो, कार्यक्रमपत्रिकेवर यानंतर ‘सत्कारमूर्तींचे मनोगत’ असं छापलं आहे. ते होणार नाही. आपण दुरून दुरून त्यांचा आवाज एकदा ऐकायला आला आहात, हे मला माहीत आहे. काल त्या मला कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, “सर, उद्या मला बोलायला लावू नका. थोडाच उरलाय. रविवारी आईला पेपर वाचून दाखवायचा असतो. पुरवणी जाडजूड असते.”

तेव्हा तो आवाज त्यांना घरी नेऊ द्या. आपल्या वाट्याचा आपण केव्हाच वापरून बसलो आहोत. ऐकलं?

मागच्या रांगा, माना नकोत.

हां. आता पोहोचलं.

मॅडम, तुमचे दोन ठोकेही पोहोचले. आईंनी मान वर केली, पाहिलंत ना?

अध्यक्षांनी बोलू दिलं, सभागृहाने सांभाळून घेतलं, मी आभारी आहे. बोलताना आवाज दोनदा फुटला, काही अधिकउणं बोललं गेलं, ते पोटात घाला. आणि एक विनंती. खाली जाताना कुणीतरी आईंना हात द्या. पायरी आली की तोंडाने सांगा.