माझं मला सांगू दे!

…नाही, मी म्हणतो, माणसानं स्वतःच्या आईवर चिडावं तरी किती? आणि कशावर, तर ती फार चांगली वागते यावर! तुम्हाला सांगतो, मी घरी सांगितलं ना, की बघा, जन्मल्यापासून तुम्ही मला मुलगी म्हणत आलात, पण मी मुलगा आहे, यापुढे 'ती' नाही, 'तो' म्हणायचं, तेव्हा रडारड होणार, आदळआपट होणार म्हणून मी खिशात दोन रुमाल घेऊन बसलो होतो. आणि आई? आई म्हणाली, "बरं. मग दाढीचं सामान आणायचं का?" संपलं! रुमाल कोरडे!

चांगलंच झालं की, असं तुम्ही म्हणणार. मीही म्हटलं. पण आमची आहे लाँड्री, आणि काउंटरवर असते आई. म्हणजे इस्त्रीचे कपडे आणि ताज्या बातम्या एकाच खिडकीतून! दुसऱ्या दिवशी बघतो तर, "हे घ्या तुमचे पडदे, आणि अहो, आमचा मुलगा आहे बरं का! आधी मुलगी होती… म्हणजे आधीही मुलगाच होता, आम्हालाच मेलं कळलं नाही!" पडदे न्यायला आलेले रिटायर मास्तर तिथेच थबकले. "असं, असं… मग ते ऑपरेशन वगैरे…?" आता मला सांगा, मी कधी त्यांना विचारलं का, मास्तर, तुमच्या मूळव्याधीचं कुठवर आलं म्हणून? आणि आई चक्क उत्तर द्यायला निघाली होती! मी आतून ओरडलो, "आई, माझं मला सांगू दे!"

बाबांचं तिसरंच. बाबा आत इस्त्रीवर. त्यांनी विरोध केला नाही, होही म्हटलं नाही. पूर्वी "आलीस का?" म्हणायचे. आता म्हणतात, "येणं झालं का?" "जेवण उरकलं का?" "झोप लागली का?" अहो, हा बाप आहे की सरकारी नोटीस? विचारलं, तर मान खाली घालून म्हणतात, "चुकायला नको." आता या माणसावर चिडायचं कसं, तुम्हीच सांगा!

शेवटी दोघांना समोर बसवलं. म्हटलं, हे बघा, बोलताना चुकलात तर सुधारा आणि पुढे चला, गळे काढू नका. शरीराबद्दल मी बोलेन तेव्हाच बोलायचं. आणि कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते मी ठरवणार. आत्याला तर कोणी एक अक्षर बोलायचं नाही! तिला माझं मला सांगू द्या!

कारण आत्या म्हणजे… आई-बाबा दिवसभर दुकानात, मी वाढलो बाबांच्या या थोरल्या बहिणीच्या शिलाई मशीनखाली. तिनं मला हौसेनं फ्रॉक शिवले हो! झालरीचे, फुग्याच्या बाह्यांचे… आणि मी ते कुंपणाला अडकवून फाडून आणायचो. ती रागवायची नाही, रफू करायची. दुनियेनं तोंड फिरवलं असतं ना, मी म्हटलं असतं, गेलात उडत. आत्यानं फिरवलं असतं तर मला झेपलं नसतं. खरंच सांगतो.

आईनं माझ्या गळ्याची शपथ घेतली. बाबा म्हणाले, "मान्य आहे."

तर रविवारी आत्या आली. मी आईला बाहेर काढलं, दार लावलं आणि सांगितलं सगळं. फ्रॉकपासून. आत्या काय ऐकत होती म्हणून सांगू! योग्य जागी "अगं बाई!", योग्य जागी गालावर हात, मध्येच डोळ्याला पदर. झाल्यावर मला जवळ घेतलं, म्हणाली, "एकट्यानं सोसलंस रे." मी हवेत! आणि तिनं पिशवीतून पुडकं काढलं. "घे. घालून बघ."

शर्ट.

आता मी लाँड्रीवाल्याच्या घरातला. बघतो तर बटणं उजवीकडे! जेन्ट्स शर्ट! हिला कळलं आत्ता, आणि शर्ट शिवून तयार? बरं, घडी… कॉलरखाली पुठ्ठा, डावी बाही वर, असली घडी एकच माणूस घालतो. बाबा! म्हणजे शर्ट आमच्याच दुकानातून इस्त्री होऊन गेलाय! कॉलरला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली, आणि त्यावर बाबांच्या अक्षरात काय लिहिलेलं?

'चिरंजीव.'

अहो, जो माणूस मला धड "आलास" म्हणत नाही… ढसाढसा रडलो हो मी! आणि नेमका त्या दिवशी एकही रुमाल नाही!

नाक पुसत विचारलं, "आत्या, तुला कधीपासून माहीत?"

"तू घरी सांगितलंस ना, त्याच संध्याकाळी तुझ्या आईचा फोन. तिनं शपथ मोडली नाही हो, शपथ नंतरची, फोन आधीचा."

"मग मला एवढं बोलू का दिलंस?"

"तुला सांगायचं होतं ना रे? मग कोणीतरी ऐकायला नको?"

मी शर्ट घालतोय, तेवढ्यात दाराबाहेरून आई, "झालं का रे सांगून? मग मामाला आत पाठवते! त्याला काही म्हणजे काहीच माहीत नाही हं!" दार उघडलं, तर मामा जिन्यात उभा राहून चेहऱ्याची प्रॅक्टिस करतोय, "काय सांगतोस! … काय सांगतोस?" आणि त्याच्या मागे, तेच पडदे पुन्हा इस्त्रीला म्हणून काखोटीला मारून, मास्तर! म्हटलं, मास्तर, तुम्हाला तर सगळं काउंटरवरच कळलंय. तर म्हणतात, "हो, पण तुमच्या तोंडून कुठं ऐकलंय? ऑपरेशनचं नाही विचारणार."

या, म्हटलं, बसा. पहिल्यापासून सांगतो. माझं मलाच सांगायचंय ना!