मधलं मॉडेल

(लातूर. मालवाहू टेम्पोच्या शोरूमचं आवार; निवृत्ती साध्या मॉडेलची गाडी वळवून बघतो आहे.)

मुग्धा : फिरवा काका, अजून फिरवा... बस, बस! भिंत आली.

निवृत्ती : तुमच्या शोरूमचं आवारच बारीक हाय, बाई. लातुरात जागाच उरली न्हाई.

सरजाबाई : नाचता येईना, अंगण वाकडं! खांदा भरून आला म्हणा की.

मुग्धा : खांद्याला काय झालंय, मावशी?

सरजाबाई : भूकंपात घराचं माळवद आलं ह्यांच्या अंगावर. तवापासून डावा हात निम्म्यावरच अडतो. तीनचाकी टमटम होती तवर भागून गेलं.

निवृत्ती : त्ये जाऊ दे. बाई, हीच द्या. मोठं इंजिन, साधं मॉडेल.

मुग्धा : पण नेणार काय तुम्ही गाडीतून?

सरजाबाई : जेवणाचे डबे. रेणापुरात रांधतो आन् इथल्या क्लासच्या पोरायला पोचवतो.

मुग्धा : डब्यांना मोठं इंजिन?

निवृत्ती : बैल घेताना माणूस ताकद बघतो. घुंगरं बघून कोन घेतो का?

मुग्धा : काका, ऐका. इंजिनं दोन, मॉडेलं तीन. इंजिन बघायचं ओझ्यासाठी, मॉडेल बघायचं चालवणाऱ्यासाठी. वाळू न्यायची असती तर मोठं इंजिन मीच गळ्यात मारलं असतं. डब्यांना लहान पुरून उरतं, डिझेलही कमी पितं. त्यात वाचेल ते मधल्या मॉडेलला लावा. त्याला पॉवर स्टिअरिंग आहे. चाकं वळवायचा जोर गाडीच लावते.

सरजाबाई : आन् त्ये टॉप मॉडेल?

मुग्धा : त्यात वरून एसी, भारी सीटा, गाणी. तुम्हाला नको ते.

निवृत्ती : हालकं स्टेरिंग म्हंजे लाड हायेत नुसते.

सरजाबाई : मग गल्लीतल्या आनंदराजला डायव्हर ठेवू. त्यो तयारच हाय.

निवृत्ती : आन् म्या काय करू? घरी मेथी निवडत बसू? टमटमचा आवाज आला की पोरं जिन्यावरून पळत येतेत. काका, आज काय हाय, म्हणतेत. त्ये सगळं सोडून उंबऱ्यात बसू?

सरजाबाई : म्हणून तर म्हणून ऱ्हायले. एकदा चालवून बघा.

निवृत्ती : आन् ही बी न्हाई वळली तर?

सरजाबाई : तवाचं तवा बघू. चढा वर.

(मधल्या मॉडेलची गाडी. तिघंही पुढेच बसली आहेत.)

मुग्धा : हं, घ्या त्याच कोपऱ्यावर. जोर नका लावू... काका, जोर नका लावू!

निवृत्ती : अगं... अगं, वळली की!

सरजाबाई : भिंत कुठं गेली?

निवृत्ती : मागं ऱ्हायली! उजव्या हातावरच वळली गं. डाव्यानं नुसतं धरलं व्हतं.

मुग्धा : मला उतरवा इथं. तुम्ही दोघं मारा अजून एक चक्कर.

सरजाबाई : लई उपकार झाले, लेकरा.

निवृत्ती : ...सरजा.

सरजाबाई : आं?

निवृत्ती : झोप लागत नव्हती मला. लई भ्या वाटून ऱ्हायलं होतं.

सरजाबाई : ठाव हाय. म्या तरी कुठं झोपत होते. म्होरं बघून चालवा.