परक्या गडाचा आहेर

मंडळी, एक सांगा. दाराशी आलेल्या दांडग्याला शेजाऱ्याचं ताट उचलून दिलं, तर ती दया की भ्याडपणा? घाई नको. आधी सोनवडीच्या सर्जेराव राजाचं ऐका.

उत्तरेला रायभान नावाचा दांडगा राजा माजला. त्यानं सर्जेरावाच्या शेजारणीचं, चिमाबाईचं कुरण मागितलं. तिचा मुलूख चिमूटभर. पण राखू म्हणून सर्जेरावानं तिच्यापुढं बेलभंडार उचलून शपथ घेतलेली. दरबारात राजा म्हणतो, "रुसलाय बिचारा. मांडवात जावई रुसतो, आपण समजूत काढतो ना?" कुरण दिलं. अहो, लेक दिली नाही, वरात आली नाही, आणि हा सासरा होऊन बसला!

पुढच्या दसऱ्याला जावई पुन्हा रुसले. आता गड हवा. तोही चिमाबाईचाच – दिला! वर 'युद्ध टळलं' म्हणून सोनवडीत हत्तीवरून साखर वाटली.

राजा दुष्ट नव्हता, मंडळी. युद्ध म्हटलं की त्याला थोरल्या भावाची डोली दिसे –

रणातून आली डोली, वर शेला हिरवा गं
आत निजला बंधुराया, कोण घाली वारा गं

तिसऱ्या खेपेला रायभानानं खिंड मागितली. तेव्हा चिमाबाई स्वतः दरबारात आली. पदराच्या गाठीतून तिनं सुकलेला बेल नि भंडारा काढला.

"महाराज, हे आपलं. परत घ्या."

"बाई, एवढी खिंड द्या. मग तो काही मागणार नाही."

"माझ्याकडं मागायला उरेल काय? मग तो तुमच्याकडंच येईल. मी खिंड देत नाही. उद्यापासून लढतो आम्ही. आमच्यामागं कुणी म्हणू नये, की राजानं शपथ मोडली. म्हणून आजच तुम्हाला मोकळं करते."

राजाचा हात पुढं होईना. आपल्या दारची डोली चुकवायला आपण हिच्या दारी डोल्या धाडतोय, हे त्याला तेव्हा कुठं दिसलं. तो उठला. भंडारा कपाळी लावला. म्हणाला, "नगारा वाजवा."

युद्ध अकरा महिने चाललं. साखर वाटून दिलेल्या गडावरूनच तोफा डागल्या गेल्या. सोनवडीची निम्मी पोरं त्या गडाखाली पडली. कुरणाच्या वेळी उठला असता, तर महिन्यात निभावलं असतं.

माना कसल्या डोलावता? राजा उशिरा का होईना, उठला. तुमच्या शिवारात कोण कुणाचा बांध कोरतोय, तुम्हाला ठाऊक आहे. आणि तुम्ही त्याच्याच ओसरीवर चहा पिता, म्हणता, आपल्या बांधाशी आला की बघू.

येईल तो. तेव्हा हाक कुणाला माराल? ज्याचा बांध जाताना बघत बसलात, त्याला?