ट्रान्सकोनाचा माइक

—नाही गं जाई, रेडिओ बंद नाही करायचा. बस त्या पलंगावर. भाड्यानं घ्यायला खोली बघायला आलीस ना, मग खोलीत काय वाजतं तेही बघून घे. मिलिंदनं पाठवलं ना खाली? "आईला इंग्रजी येत नाही, तुम्ही मराठीतच बोला," म्हणाला असेल—म्हणालाच ना! म्हणू दे. मुलगा आहे माझा. नागपूरहून इथे परदेशात आणलं, बेसमेंटमध्ये ठेवलं आणि हा रेडिओ दिला—म्हातारी गप्प राहावी म्हणून. आणि ह्या रेडिओवरच्या कॉलिननं शिकवलं मला इंग्रजी! चौथी पास बाई मी, पण रोज सकाळी हा मेला कोकलतो आणि मी ऐकते. आधी शिव्या कळल्या, मग राजकारण—फार फरक नसतो म्हणा.

काय बोलतो म्हणतेस? अगं, रस्त्यात खड्डा पडला—महापौराचा दोष. बर्फ उचलला नाही—महापौराचा दोष. उचलला, तर टॅक्स किती उधळला! सायकलवाल्यांसाठी रस्त्याकडेला पट्टा आखला, तर जणू ह्याच्या स्वयंपाकघरातून आखला. बंदुकांची नोंद करा म्हटलं की ह्याचं स्वातंत्र्य धोक्यात—बदकं मारणाऱ्या गरिबांना छळता म्हणून गळा काढतो—पण बाहेरून आलेल्या म्हाताऱ्या मात्र एकेक मोजून हव्यात! बंदूक मोजू नका, आई मोजा. नोव्हेंबरात सरकारनं आईबापांना इथे कायमचं आणायचे नवे अर्ज घेणं थांबवलं, तर ह्याच्या घरी दिवाळी. आमची औषधं, आमचे एक्स-रे, आमचे गुडघे—सगळं म्हणे टॅक्सपेयरच्या डोक्यावर. मी हसायचे. खरंच, राग नाही यायचा—परका माणूस, त्याचं पोट त्यावर, आपल्या घरचं थोडंच कोणी बोलतंय?

परवा बर्फानं ऑफिसं बंद होती, मिलिंद घरीच. मी वर डाळीचा कुकर लावून खाली आले. कॉलिनचा विषय तोच, आईबाप. फोन आला—'माइक फ्रॉम ट्रान्सकोना'. म्हटलं, हा तर आपल्याच वस्तीतला. नाकातून बोलणारा, गोऱ्यांसारखा—म्हणतो, माझ्या ओळखीत एकानं आई आणली, ती दिवसभर बेसमेंटमध्ये बसते, तिला काही कळत नाही. कॉलिन, कॉमन सेन्स आहे, अशांना परत पाठवावं. मी म्हटलं, वा रे माइक, तू काय झाडाला लागला होतास? तेवढ्यात वर माझ्या कुकरची शिट्टी झाली. आणि थोडं थांबून—रेडिओतही झाली! थांबूनच ऐकू येतं गं, कोणी शिवी दिली तर कापता यावी म्हणून हे लोक सगळं जरा मागाहून सोडतात, कॉलिननंच सांगितलंय. तीच शिट्टी. आधी फुसफुस, मग लांब किंचाळी—रिंग सैल झालीय त्याची, मी रोज लावते तो कुकर, मी ओळखणार नाही? माइक म्हणे! मिलिंद म्हणून फोन केला तर कॉलिन आधी ह्यालाच परत पाठवेल ना!

मग काय केलं? काय करणार—वर गेले, भात वाढला, डाळीवर तूप घातलं, रोजच्यापेक्षा जास्तच पडलं हातून. म्हणतो, "आई, काय म्हणतो तुझा रेडिओ?" म्हटलं, गाणी लागली होती. आणि आज तू आलीस, खोली बघायला. आता कळलं हो, काही कळत नसलं तरी. पण परत पाठवणार म्हणजे कुठे? नागपूरचं घर विकलं, त्या पैशातून ह्या घराचं डाउन पेमेंट झालं—तिथे माझ्या दारावर आता दुसऱ्याची पाटी. बरं, तुला खोली कधीपासून म्हणालाय तो? ...एप्रिल? असं सांगितलं?

...एप्रिल.

—नको, पाणी नको. ऊठ तू. खोली रिकामी नाही, मी आहे हिच्यात. वर जाऊन सांग, ओल आहे, खिडकी लहान आहे, काहीही सांग. फक्त मला इंग्रजी येतं हे बोलू नकोस. का म्हणजे? घरात तो माझ्याशी 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही गं—तिथे चांगला घोळवून घोळवून बोलला माझ्याबद्दल. उद्याही तोच विषय ठेवलाय कॉलिननं. मला ऐकायचंय, तो आणखी काय काय बोलतो ते.

बघतेस काय अशी? जा. आणि दार नीट ओढून घे, थंडी आत येते.